आधी नाव घ्यावं

सकाळी साडेसातला वॉर्डात स्पंज सुरू होतो. बेसिनमधल्या कोमट पाण्याची वाफ, फिनेलचा वास, रात्रपाळी संपवून निघालेल्या सिस्टरांची घाई, आणि खाटेखाटेपाशी पडदे ओढणाऱ्या आमच्या विद्यार्थिनी. त्या दिवशी खिडकीकडच्या खाटेवरून आधी बांगड्यांचा आवाज आला, मग एक चापट वाजली आणि पाठोपाठ बेसिन जमिनीवर आपटलं.

पडद्याआडून दुसऱ्या वर्षाची एक मुलगी बाहेर आली. गालावर बोटं उमटलेली, एप्रन भिजलेला. आत एक आजी दोन्ही हात छातीशी घट्ट धरून पडून होत्या. गोठ्यात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. त्यासाठी अंग पुसून द्यायचं आणि अंगावरचे दागिने उतरवून सुनेच्या ताब्यात द्यायचे, एवढंच काम या मुलीला सांगितलं होतं.

मी तिची शिक्षिका. वीस वर्षं परिचर्या शिकवते आहे. तिच्याजवळ गेले आणि सगळ्या वॉर्डासमोर विचारलं, “पेशंटला हात लावण्याआधीची पहिली स्टेप कोणती?”

उत्तर तिला पाठ होतं. आदल्याच आठवड्यात तिनं ते घडाघडा म्हणून दाखवलं होतं. पण त्या क्षणी तिनं तोंड उघडलं, मिटलं आणि शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं. तिचे डोळे भरून आले. “लॉगबुकात दहा वेळा लिहून आण,” असं सांगून मी पुढच्या खाटेकडे वळले.

दहा वाजता राउंड आला. निवासी डॉक्टर भला मुलगा होता. कमरेत वाकून, मोठ्यानं, प्रेमानंच त्यानं विचारलं, “आजी, आज वार कोणता? साल कोणतं चालू आहे?” आजींनी तोंड उघडलं, मिटलं आणि पायथ्याशी उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं.

ही मान वळण्याची खूण वैद्यकशास्त्राला ओळखीची आहे. ज्याची आठवण विरत चालली आहे तो माणूस प्रश्न आला की सोबतच्या माणसाकडे वळतो, उत्तर त्याच्याकडे ठेवायला दिलं असावं तसा. वर्गात मी ती फळ्यावर लिहून शिकवते. पण त्या सकाळी आजींची मान वळली आणि मला अडीच तासांपूर्वीची दुसरी मान आठवली. एकीच्या मेंदूला आजार होता. दुसरीचा मेंदू निरोगी होता, पण समोर मी उभी होते. दोघींची नजर मात्र एकच होती.

या आजाराच्या इतिहासाची सुरुवातच प्रश्नांनी झाली आहे. 1901 साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आउगुस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. डॉक्टर आलोइस आल्त्सहायमर तिच्यासमोर बसून विचारत गेले आणि लिहून घेत गेले. तुमचं नाव काय? आउगुस्ट. नवऱ्याचं नाव? पुन्हा आउगुस्ट. नाव लिहायला सांगितलं तर तेही तिला पुरतं लिहिता आलं नाही, आणि आपण स्वतःच हरवलो आहोत अशा अर्थाचं काहीसं ती म्हणाली. 1906 मध्ये ती गेली. त्याच वर्षी आल्त्सहायमरांनी तिच्या मेंदूत दिसलेले बदल डॉक्टरांच्या सभेत मांडले आणि पुढे आजाराला त्यांचं नाव मिळालं. तिची हरवलेली केस फाइल 1995 मध्ये फ्रँकफर्टलाच सापडली. ती आजही मन हलवते, कारण तिच्यात निदानाहून जास्त एका बाईची धडपड आहे. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ती उत्तर द्यायचा प्रयत्न करते आहे.

नंतर प्रश्नांना गुण आले. 1975 पासून जगभर वापरली जाणारी तीस गुणांची एक चाचणी आहे. तारीख सांगा, शंभरातून सात वजा करत जा, एक वाक्य लिहा. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला ती लावली तर आजार नसतानाही तो नापास व्हायचा. म्हणून हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत काम करताना संशोधकांना ती निरक्षरांसाठी हिंदीत नव्यानं घडवावी लागली. निदानासाठी या चाचण्या लागतातच, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण परीक्षा घेण्याची वेळ वेगळी आणि अंग पुसण्याची वेळ वेगळी. आमच्या मुली पेशंटपाशी जातात त्या प्रश्न घेऊनच जातात, कारण आम्ही त्यांना इतिहास घ्यायला शिकवलेलं असतं. “आजी, मला ओळखलं का? सकाळी काय खाल्लं? काल कोण आलं होतं?” मायेनं विचारलेला असा प्रत्येक प्रश्न त्या माणसाला पुन्हा एकदा नापास करून जातो.

आपल्या भाषेतही या आजाराचा निकाल आधीच लागलेला आहे. म्हातारचळ, साठी बुद्धी नाठी, वेड. डिमेन्शियाला सभ्य शब्द घ्यावा म्हटलं तर स्मृतिभ्रंश. पण तो शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, आणि तिथे तो क्रोधाच्या पोटी येतो. क्रोधातून मोह, मोहातून स्मृती ढळणं आणि त्यातून बुद्धीचा नाश. म्हणजे शब्दालाच थोडी दोषाची छाया आहे. या आजारात कुणाचा दोष नसतो. मेंदूत आठवणी घडवणारा भाग सुरुवातीलाच झिजू लागतो, म्हणून आजचं आज टिकत नाही आणि चाळीस वर्षांपूर्वीचं लख्ख असतं. हे वर्गात सांगितलं की मुली माना डोलावतात. चापट बसते तेव्हा मात्र त्यांना वाटतं, आजींनी मला मारलं, मी वाईट नर्स आहे.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की, भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे. म्हणजे त्या वयाच्या शंभरात सात-आठ जण. पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. पण त्या आजारासाठी म्हणून आमच्याकडे क्वचितच कोणी दाखल होतं. माणसं येतात ती मोडलेला खुबा घेऊन, न्यूमोनिया घेऊन, लघवी अडली म्हणून. केसपेपरवर तेवढंच लिहिलेलं असतं. पुस्तकात मात्र डिमेन्शिया मानसोपचाराच्या धड्यात आहे, त्यामुळे मुलींना वाटतं तो मानसोपचाराच्या पोस्टिंगमध्येच भेटेल. तो ऑर्थोपेडिक वॉर्डात, सकाळी, हातात स्पंजचं बेसिन असताना भेटतो.

दुपारी मी त्या मुलीला घेऊन सुनेजवळ बसले. सून खाटेखाली चटई टाकून जेवत होती. “त्यांनी मारलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका ताई,” ती म्हणाली. “बांगड्यांना हात लावला ना तुम्ही.” आम्हा दोघींच्या ध्यानात आलंच नव्हतं. मनगटातल्या हिरव्या बांगड्या कुणीतरी उतरवतं आहे, याचा अर्थ त्या पिढीच्या बाईला सांगावा लागत नाही. आजोबा घरी सुखरूप होते. पण आजींना त्या सकाळी कुणीतरी येऊन, एक शब्दही न बोलता, विधवा करत होतं. शिवाय अंगावरचं लुगडं बाजूला होत होतं, आणि मोडलेला खुबा हलवला जात होता. यातल्या कुठल्याही एका गोष्टीवर मीही हात उगारला असता.

दुखतंय हे ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं ओळखण्यासाठी 2003 मध्ये तयार झालेलं एक मोजमाप आहे. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होणं, अशा पाच गोष्टी पाहायच्या आणि शून्य ते दहात गुण द्यायचे. इथे गुण आपण आपल्या निरीक्षणाला द्यायचे असतात, पेशंटला काहीच विचारायचं नसतं. ते आम्ही तिथे बसून केलं. मग इन्चार्ज सिस्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं वेदनाशामक वेळेवर दिलं आणि ते लागू पडेपर्यंत थांबलो. सुनेनं आजींच्या मनगटाला हिरवा दोरा बांधला. मुलगी या वेळी समोरून आली, आजींच्या डोळ्यांच्या पातळीवर बसली आणि म्हणाली, “आजी, मी नर्सिंगची पोरगी. आजोबा घरी बरे आहेत. बांगड्या तुमच्या सूनबाई जपून ठेवणार आहेत.” एका वेळी एकच वाक्य. प्रत्येक वाक्यानंतर तिनं मनात पाच अंक मोजले. दोऱ्यावरून बोट फिरवत आजींनी हात पुढे केला. बांगड्या एकेक करून सुनेच्या पदरात पडल्या.

पण मला सांगायचं आहे ते संध्याकाळचं.

इंग्रजी पुस्तकात या आजारातल्या संध्याकाळच्या अस्वस्थतेला एक वेगळं नाव दिलेलं आहे. आपल्याकडे त्या वेळेलाच नाव आहे, कातरवेळ. धड दिवस नाही, धड रात्र नाही. सावल्या लांबतात, दिवसभराचा थकवा चढतो, नजर फसते, भेटायला आलेली माणसं उठून जायला लागतात. निरोगी माणसाचंही मन त्या वेळी कासावीस होतं. साडेपाचला आजी कठड्याला धरून उठू लागल्या. “सोडा मला. धारंची येळ झाली. म्हस वरडतीया.”

“म्हशी विकून आठ वर्षं झाली, आत्या,” सून म्हणाली. थकलेल्या आवाजात, रोजच्यासारखं. आजींचा चेहरा एकदम विझला. कुणी विकली? मला न विचारता? आठ वर्षांपूर्वीचं दुःख त्यांना आत्ता पहिल्यांदाच कळत होतं, आणि उद्या पुन्हा पहिल्यांदाच कळणार होतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात 2014 मध्ये झालेला एक अभ्यास मी वर्गात नेहमी सांगते. आल्त्सहायमर असलेल्या माणसांना दुःखी आणि आनंदी चित्रपटांतले तुकडे दाखवले. थोड्या वेळानं बहुतेकांना चित्र आठवेना, पण दुःख आणि आनंद मनात तसेच रेंगाळत होते. घटना पुसली जाते, तिनं दिलेली भावना मागे राहते. म्हणून त्या माणसाशी आपण कसं वागलो, हे वाया जात नाही.

“आता शिफ्ट संपेपर्यंत हात बांधून ठेवा,” मागून कुणीतरी म्हणालं. गॉजपट्टीनं मनगटं कठड्याला बांधलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. तरुणपणी, सांगितलं म्हणून, मीही बांधली आहेत. ते आठवलं की अजून झोप लागत नाही. मी काही बोलणार इतक्यात ती मुलगी स्टूल ओढून खाटेपाशी बसली होती. गालाचा लालपणा अजून पुरता गेला नव्हता.

म्हशी विकल्या, असं ती म्हणाली नाही. म्हशी गोठ्यात आहेत, असंही म्हणाली नाही. ती म्हणाली, “आमच्याकडं बी म्हस हाय, आजी. पंढरपुरी. शिंगं ही अशी, पार खांद्याच्या मागं.”

आजी थांबल्या. “पंढरपुरी लाथ मारती.”

“मारती की. मला मारली एकदा.”

“मग तुजंच चुकलं. एकदम आचळाला हात घालायचा न्हाई पोरी. आधी नाव घ्यावं. पाठीवनं हात फिरवावा. कोण आलंय ते तिला कळू द्यावं. मग सोडती पान्हा.”

मुलीचा हात नकळत स्वतःच्या गालाकडे गेला. आजींनी तिचा दुसरा हात ओढून घेतला, तिची बोटं मुठीत धरली आणि अंगठा आत घेऊन धार कशी काढायची ते दाखवू लागल्या. वार सांगता न येणाऱ्या त्या बाईची मूठ एका लयीत चालत होती. हातांनी शिकलेलं मेंदूत वेगळ्या जागी राहतं आणि फार उशिरा जातं. नळ्या-पट्ट्यांच्या त्या खाटेवर त्या पुन्हा जाणत्या झाल्या होत्या आणि समोरची पोर शिकत होती. सात वाजता जेवणाची गाडी आली तेव्हा त्या शांत होत्या.

आधी नाव घ्यावं. माझ्या वीस वर्षांच्या टिपणांत हे इतक्या थोडक्यात कुठेच नव्हतं. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे टॉम किटवुड यांनी 1997 साली पुस्तक लिहून हेच मांडलं. आजारानं मेंदू झिजतो, पण भोवतालच्या माणसांची घाई, डोक्यावरून बोलणं, लहान मुलासारखं वागवणं यानंही माणूस झिजत जातो. म्हणून आजाराआधी माणूस बघायला हवा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ मी दर वर्षी वर्गाला दाखवते. हत्तीमागे निघून गेलेल्या, विस्मरण झालेल्या संस्कृतच्या पंडिताला त्यात सांभाळते ती माहुताची बायको. कानडी बोलणारी, त्याच्या आजाराचं नावही ठाऊक नसलेली. मुली ते बघताना रडतात. पण चित्रपट बघून आलेला उमाळा चापट बसली की टिकत नाही, हेही मी पाहिलं आहे. धीर येतो कुठून, हा माझा खरा प्रश्न होता.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी 1977 मध्ये त्याचे चार उगम सांगितले. आपण स्वतः एखादी गोष्ट निभावून नेणं. आपल्यासारख्याच कुणाला ती निभावताना पाहणं. विश्वासातल्या माणसाचा शब्द. आणि आपल्या शरीराची धडधड आटोक्यात असणं. मी माझं शिकवणं या चार ओळींशी ताडून पाहिलं. मुलींना आम्ही प्लास्टिकच्या पुतळ्यावर स्पंज शिकवतो, आणि पुतळा कधी हात उगारत नाही. अवघड पेशंटकडे त्यांना एकटीला पाठवतो. माझा शब्द बहुतेक वेळा चूक दाखवण्यापुरता असतो. आणि त्यांची धडधड वाढवायला मी एकटी पुरे.

त्यानंतर मी काही साध्या गोष्टी बदलल्या. प्रयोगशाळेत मुली एकमेकींचे पेशंट होतात. चष्म्याला व्हॅसलीन फासायचं, कानांत कापूस घालायचा आणि पाठीमागून येऊन कुणीतरी न बोलता अंगावरची चादर ओढायची. दचकून हात कसा उठतो, ते स्वतःच्या हाताला कळतं. अशा पेशंटकडे पहिले दोन दिवस जोडीनं जायचं, एक जुनी, एक नवी. काम करण्याआधी पाच मिनिटं नुसतं बसायचं, तेव्हा मी वेळ मोजत नाही. घरच्यांकडून एक कागद भरून घ्यायचा. हाक कोणत्या नावानं मारतात, आयुष्यभर काय काम केलं, चहा गोड की कमी साखरेचा, कशाची भीती वाटते, कशानं शांत वाटतं. तो कागद केसपेपरच्या पहिल्या पानाला टाचतो. आणि ड्यूटी संपल्यावर वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी मुलींबरोबर दहा मिनिटं बसते. आज काय जमलं ते आधी, काय फसलं ते नंतर.

फसतं तर पुष्कळच. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी आजींनी त्याच मुलीच्या हाताला चावा घेतला. नाव घेतलं होतं, समोरून आली होती, तरीही. त्या दिवशी बाकावर ती रडली नाही. “आज माझं काही चुकलं नव्हतं, मॅडम. आजींचा दिवस वाईट होता,” एवढंच म्हणाली. हे वाक्य म्हणता येणं ही या कामातली फार मोठी कमाई आहे. आपल्या हातून चूक झाली की आजारानं आपलं काम केलं, हे वेगळं ओळखता येणं.

पाचव्या दिवशी आजी अगदी शांत होत्या. सकाळच्या सिस्टरनं लिहिलं, पेशंट शांत, तक्रार नाही. संध्याकाळी ती मुलगी ड्यूटीवर आली, दहा मिनिटं खाटेपाशी बसली आणि उठून थेट इन्चार्ज सिस्टरांसमोर उभी राहिली. “सिस्टर, साडेपाच वाजून गेले तरी आजींनी म्हशीचं नाव काढलं नाही. हाक मारली तर डोळे उघडतात आणि लगेच मिटतात. कालपर्यंत असं नव्हतं.” डिमेन्शिया महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चढत जातो. काही तासांत माणूस असा बदलला, तर तो डिलिरियम समजायचा आणि कारण शोधायला धावायचं. संसर्ग, पाणी कमी पडणं, पोट साफ न होणं, एखादं औषध. आरडाओरडा करणारा डिलिरियम सगळ्यांना दिसतो, गप्प करणारा निसटून जातो. डॉक्टर आले, तपासण्या झाल्या. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. औषध सुरू झालं आणि दोन दिवसांनी संध्याकाळी खिडकीकडच्या खाटेवरून पुन्हा आवाज आला, धारंची येळ झाली. एरवी वैतागणारी सून त्या दिवशी पदर तोंडाला लावून हसली.

त्या मुलीनं पाचव्या दिवशी जे ओळखलं ते कुठल्याही यंत्रावर उमटलं नव्हतं. तिला आजींची संध्याकाळ ठाऊक होती, म्हणून ती संध्याकाळ आली नाही हे तिला कळलं. माणूस जाणून घेणं हे मायेचं काम, आणि बदल टिपणं हे कौशल्याचं काम, असं मी इतकी वर्षं वेगवेगळं शिकवत होते. तिनं दोन्ही एकाच स्टुलावर बसून केलं.

वर्षाअखेरीला तोंडी परीक्षा झाली. दाराशी ती उभी राहिली तेव्हा लॉगबुक तिनं दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं होतं. तसे धरलेले हात मी ओळखले. टेबलाशी बाहेरून आलेल्या परीक्षक बसल्या होत्या. मी उठले, तिला तिच्या नावानं हाक मारली, खुर्ची पुढे केली. परीक्षकांचं नाव सांगितलं, माझंही सांगितलं, ते तिला दोन वर्षं ठाऊक असूनही. “आधी तुझी एक केस ऐकू. घाई नाही. पाणी इथं आहे.”

हात सैल झाले. लॉगबुक टेबलावर आलं. तिनं पान उघडलं, एक श्वास घेतला आणि केस सांगायला सुरुवात केली. पहिल्या वाक्यात वय नव्हतं, खाटेचा नंबर नव्हता, निदानही नव्हतं. आधी तिनं आजींचं नाव घेतलं.